नखभर लाकूड

४ नोव्हेंबर

धाकट्या,

चिरंजीव लिहावं इतका तू लहान राहिलेला नाहीस आणि सप्रेम लिहावं इतकं प्रेम सध्या घरात शिल्लक नाही. म्हणून नुसतं धाकट्या.

तुझं पार्सल मिळालं. बाबांच्या नावाने होतं, पण फोडलं मी. या घरात बाबांच्या हाती जे काही जातं ते आधी माझ्या हाताखालून जातं, आणि ही पद्धत कधीपासून पडली आणि कोणामुळे पडली हे तुला सांगायला नको.

आत निघाला लाकडाचा ठोकळा. मुठीपेक्षा थोडा मोठा, चारी बाजू नुसत्या करवतीने कापलेल्या. वरून अंगठा जाईल एवढं भोक, आणि बाजूने पेन्सिल जाईल एवढं. सोबत एक काळी, जराशी वाकडी नळी. चिठ्ठी नाही. माणूस सहा वर्षांनी घरी लाकूड पाठवतो आणि चार अक्षरं पाठवत नाही. शर्टांच्या कारखान्यात माझ्या तपासणीच्या टेबलावर असा माल आला असता तर मी उलटा करून बघण्याच्या आधीच नापासाचा लाल ठिपका लावला असता.

मला ते काय आहे कळलं नाही. बाबांना कळलं. पलंगावर आडवे होते, ते कोणाच्या आधाराशिवाय उठून बसले.

"पाइप आहे," म्हणाले. "म्हणजे व्हायचाय अजून. भोकं आधी, आकार नंतर. बरोबर पाठवलंय."

मग मी तुला सरळ विचारते. दवाखान्यात बाबांच्या नाकाला नळी होती, तेव्हा उशीखाली तंबाखूची पुडी सापडली. ती तू ठेवलीस. तू नाकारलंही नाहीस. "त्यांनी मागितली, मला नाही म्हणता आलं नाही," एवढंच म्हणालास, जसं काही शेजारच्याने वाटीभर साखर मागितली होती. त्या दिवशी मी तुला या घराचं दार बंद केलं. डॉक्टरीणबाई अजूनही दर खेपेला तेच सांगतात, आता एक झुरकासुद्धा नको, फुप्फुसं झिजून जाळी झालीत. हे सगळं माहीत असलेला मुलगा बापाला पाइप पाठवतो. का?

हे लाकूड कसलं आहे? कण्हेरीचं असेल तर मी ते जाळणारसुद्धा नाही, धूर वाईट असतो म्हणतात. घरासाठी करत असशील तर कागद बाबांच्या उशाशी नाहीत, माझ्याकडे आहेत. आणि बाबांना खूश करून मागच्या दाराने आत यायचं असेल, तर या घराला मागचं दार नाही.

बाबा रोज म्हणतात, "त्याला एकदा येऊन जाऊ दे. मला बघायचंय त्याला." मी नाही म्हटलं आहे. ठोकळा माझ्याकडे आहे. उत्तर पाठव.

— बाबांची मुलगी

१३ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. "तुती. आपलीच. विषारी नाही." शब्द विकत घ्यावे लागत असते तरी माणसाने एवढी काटकसर केली नसती.

मी तुझ्यावर विसंबून राहिले नाही. कोपरा खरवडून पाहिला, वास घेतला. बाबांनीही घेतला, पण त्यांनी डोळे मिटून घेतला. "विहिरीकडची फांदी," म्हणाले. अंगणातली तुती वादळात पडली त्याच वर्षी तू गेलास. घर सोडताना लोक कपडे नेतात, तू ओंडका खांद्यावर टाकून गेलास. तेव्हा मला वाटलं मला खिजवायला नेतो आहे. आताही तसंच वाटतं, फक्त खिजवायला इतकी वर्षं का थांबलास ते कळत नाही. बाबा म्हणतात लाकूड वाळायला वेळ द्यावा लागतो. बाबा तुझी बाजू घ्यायला लाकडाचं निमित्तही करतात.

ठोकळा मी त्यांना दिला. द्यावा लागला. फाउंड्रीत हा माणूस चाळीस वर्षं लाकडाचे साचे करत होता, त्याच्या समोर कापलेलं लाकूड ठेवून "हात लावू नका" म्हणणं मला जमलं नाही. हात कापतात त्यांचे. गिरमिट त्यांना आता धरवत नाही, सरळ भोक पडणार नाही, म्हणून तू भोकं पाडून पाठवलीस, एवढं मलाही समजतं. तरीही मी त्यांच्या पेटीतलं गिरमिट काढून लपवून ठेवलं आहे. कुठे ते लिहीत नाही. तुझा काय भरवसा.

ठोकळा हातात आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं ते ऐक. माझ्याकडून सायकलची तार मागितली. ती बारीक भोकात घातली. बाहेर काढली. अंगठ्याच्या नखाशी धरून बघितली. मग वरच्या मोठ्या भोकात करंगळी फिरवली, आणि हसायला लागले. असे हसले की खोकला लागला, मला पाणी आणायला धावावं लागलं.

"काय झालं?"

"काही नाही. पोरगं माझंच आहे."

"शंका होती का?"

"तुझ्या आईला नव्हती," म्हणाले आणि पुन्हा हसले. मी नाद सोडला. पण मला हे हसणं आवडलेलं नाही. तुम्हा दोघांत काहीतरी आहे आणि ते माझ्या डोक्यावरून जातं आहे, असं मला त्या दिवसापासून वाटतं आहे.

काम असं चाललं आहे. लाकूड पकडायचा शिकंजा तर विकला गेला, मग त्यांनी माझा जुना बूट मागितला, त्यात ठोकळा घट्ट ठासला आणि बूट दोन गुडघ्यांत धरला. आधी लहान करवतीने चार कोपरे उडवले. आता कानशीने घासणं चालू आहे. कोपऱ्यात तुझा तो लाकडी दिवा अजून उभा आहे. आठवतो ना? दोन्ही टोकांकडून भोक पाडलंस आणि वायर काही आरपार जाईना. "याच्या दोन भोकांची सोयरीक या जन्मी जमायची नाही," बाबा म्हणाले होते. दिवा कधी लागलाच नाही, त्यावर बाबांची टोपी असते. मुद्दाम आठवण करून दिली. स्वतःला कारागीर समजू नकोस.

— तीच

२४ नोव्हेंबर

धाकट्या,

मधे मी ठोकळा काढून घेतला होता. तुला कोणीतरी सांगितलंच असेल, म्हणून मीच सांगते.

कारखान्यातून आले तर बाबा खिडकी लावून घासत बसले होते. अंगावर पिवळा भुसा, आणि खोकून खोकून ओठ निळे. तंबाखू न ओढता लाकडानेच जीव जायचा. मी बूट, ठोकळा, कानस सगळं उचललं आणि माझ्या खोलीत कुलूप लावून ठेवलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवण नको, औषध नको, टीव्ही नको, इन्स्पेक्टर नको. इन्स्पेक्टर म्हणजे मी.

"लहान मुलासारखं काय करता?" मी म्हटलं.

"लहान मुलाचं खेळणं काढून घेतात. माझं काम काढून घेतलंस."

दुसऱ्या दिवशी परत दिलं. पण अटी घालून. खिडकी उघडी. तोंडाला मास्क. मांडीवर ओला फडका, म्हणजे भुसा उडणार नाही. आणि घासायचं ते मी घरात असताना, माझ्या डोळ्यांसमोर. त्यांनी सगळ्या अटी ताबडतोब कबूल केल्या. इतक्या लवकर कबूल केल्या की मला संशय आला.

तेव्हापासून मी कारखान्यातून सरळ घरी येते आणि पहाऱ्याला बसते. पूर्वी जेवण देऊन माझ्या खोलीत जायचे. आता त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसावं लागतं, कारण तू पाठवलेल्या वस्तूचा मला भरवसा नाही. नुसतं बसून काय करायचं म्हणून विणकाम काढलं. ते घासतात, मी विणते, दोघंही एकमेकांकडे लक्ष ठेवून.

आणि बोलतात रे. एवढं बोलतात हे मी विसरले होते. काल सांगत होते, ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून लाकडाचा साचा नेहमी थोडा मोठा करायचा. कुठल्या धातूला किती वाढवायचं हे त्यांच्या बोटांत होतं. मी विचारलं, "मग माझ्यासाठी किती वाढीव धरलं होतं?"

"तू थंड झालीस की मोजू," म्हणाले.

ठोकळा आता ठोकळा राहिलेला नाही. खाली पोट आलं आहे, बाजूला मान. कानशीचे ओरखडे ते काचेच्या तुकड्याने खरवडून काढतात. फुटलेल्या बरणीचा तुकडा, एका कडेला चिकटपट्टी. काच लाकडावरून ओढली की कांद्याच्या सालीसारखी पातळ साल निघते. हात थरथरतो, पण काच लाकडाला टेकली की थरथर थांबते. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे, करू द्या." मी त्यांना काय बनतं आहे ते सांगितलेलं नाही.

तू आनंदून जाऊ नकोस. माणूस बरा दिसायला लागला की त्याला जुन्या सवयी आठवतात. आणि तू त्याच गोष्टीची वाट बघत असशील.

— इन्स्पेक्टर

८ डिसेंबर

धाकट्या,

पकडलं.

बाबांचा स्वेटर धुवायला काढला. मी कपडा नेहमी उलटा करून बघते, चूक आतल्या बाजूलाच असते. खिशाच्या शिवणीत तपकिरी चुरा होता. वास घ्यायचीही गरज नव्हती, तरी घेतला. तंबाखू.

घरात मी आणि बाबा, आणि दुपारी त्यांच्याजवळ बसायला येणारे समोरचे ड्रायव्हरकाका. तिसरं कोणी येत नाही. मी दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी न सांगता घरी आले. काका खुर्चीत, बाबा पलंगावर, मधे पत्ते.

"काका, खिसे उलटे करा."

"अगं, काय हे?"

"करा."

"तीस वर्षं बस चालवली मी. तपासनीसाने कधी असं उभं केलं नाही मला."

"त्याचं काम त्याने नीट केलं नसेल."

बाबा पत्ते पिसत म्हणाले, "काढ रे बाबा. ती तुला सोडायची नाही, शिवण उसवून बघेल."

काकांच्या खिशातून छोटी डबी निघाली. चिमूटभर दिली म्हणाले, नुसता वास घ्यायला. "काडी नाही दिली, शपथ. माझ्याकडचा लायटरसुद्धा मी दाराबाहेर चपलेत ठेवून येतो." मी दाराबाहेर जाऊन बघितलं. चपलेत लायटर होता. पण म्हणून काय झालं? दिसेल अशा जागी ठेवलेली गोष्ट खरी असतेच असं नाही. दाखवायचे दात वेगळे.

मग दुसरंही बाहेर आलं. एवढा मोठा माणूस, पण दोन प्रश्नांत घडाघडा बोलतो. बाबांनी तुला काकांच्या फोनवरून फोन केला होता. म्हणजे पार्सल तुझ्या मनात आपोआप आलेलं नाही. बाबांनी मागितलं. "मरायच्या आधी एकदा दातांत धरायचाय, करून दे," म्हणाले. काका समोरच बसले होते.

"मग धाकटा काय म्हणाला?" मी विचारलं.

"तो आधी म्हणाला, ताईला विचारलं का? हे म्हणाले, ती नाही म्हणेल. मग मला वाटलं फोन कटला. शेवटी म्हणाला, बघतो."

"ताईला विचारलं का" हे तू खरंच म्हणालास की काकांनी जोडलं, मला माहीत नाही. काका लोकांचं बरं करायला जातात, त्यात पदरचं घालतात. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. त्यांनी मागितलं आणि तुला पुन्हा नाही म्हणता आलं नाही. दवाखान्यात जे झालं तेच. तू बदललेला नाहीस, फक्त तेव्हा पुडी उशीखाली ठेवलीस, आता टपालाने पाठवलीस.

तुम्ही तिघं मिळून मला एकटीला वाईट ठरवता. सगळ्यांनी हो म्हणायचं आणि नाही म्हणायचं काम माझ्याकडे. कारखान्यातही तेच. शिवणारे शिवतात, इस्त्रीवाले इस्त्री करतात, आणि नापास करायला मी.

डबी मी ठेवून घेतली. काका जाताना म्हणाले, "रागावलीस?" मी म्हटलं, "उद्या या, पण रिकाम्या खिशाने."

— इन्स्पेक्टर

१९ डिसेंबर

धाकट्या,

पाइप पुरा झाला. हे मी कौतुकाने लिहीत नाही, खबर म्हणून लिहीत आहे.

मान आणि पोट जिथे मिळतात तिथे त्यांनी आठवडा घालवला. मी म्हटलं, झालं की आता. "अजून रेघ तुटतेय," म्हणाले. पॉलिश पेपर आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी पाण्याने पुसलं, लाकडाचे तंतू केसांसारखे उभे राहिले, वाळल्यावर पुन्हा घासलं. मग मेण. माझ्या जुन्या पायमोज्याने चोळलं. पिवळं लाकूड मधासारखं झालं आहे. खालच्या बाजूला एक गाठ होती, मला ती खोट वाटली होती. ती आता डोळ्यासारखी दिसते, आणि बोट तिथेच जातं.

काळी नळी मानेत बसवली. एवढी घट्ट बसली की मधे केससुद्धा जाणार नाही. माझ्या टेबलावर आला असता तर मला लाल ठिपका कुठे लावावा कळलं नसतं.

पण ऐक. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्याकडून मध मागितला. चुलीतली राख चाळून घेतली, त्यात मध कालवला आणि बोटाने पाइपच्या आत, अगदी तळापर्यंत लेप दिला. मी विचारलं, हे कशाला?

"पहिल्या जाळाने लाकूड करपू नये म्हणून."

"कुठला जाळ? डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"काम अर्धवट माझ्या हातून जात नाही, इन्स्पेक्टरसाहेब."

"न पेटवायच्या पाइपला लेप लागत नाही."

ते खिडकीकडे बघत मिशीतल्या मिशीत हसले. तेच हसणं, तारेच्या दिवसाचं. लेप वाळायला पाइप खिडकीत ठेवला आहे. रविवारी उद्घाटन म्हणाले, काकांनाही बोलावलं आहे. आणि पुन्हा तेच, "त्यालाही बोलाव. काम दोघांचं आहे."

मी म्हटलं, "तो आला तर मी जाईन."

"बरं," म्हणाले. म्हणजे येऊ दे, की जा, ते काही कळलं नाही.

मी हा पाइप फोडू शकते. तुलाही माहीत आहे, एकदा जमिनीवर आपटला की झालं. पण मग ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि या खेपेला वळतील की नाही सांगता येत नाही. फोडला तरी मीच मारलं, ठेवला तरी मीच मारलं. तू मला अशा ठिकाणी आणून उभं केलं आहेस. मी मनाशी काय ठरवलं आहे ते लिहीत नाही. रविवारनंतर लिहीन.

— ताई

२२ डिसेंबर

धाकट्या,

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे माझं मलाही कळेल.

मी ठरवलं होतं की पाइप बुजवायचा. फोडायचा नाही, बाहेरून ओरखडासुद्धा नाही. फक्त आतली वाट बंद करायची, म्हणजे बाबांना तो दातांत धरता येईल, हातात घेता येईल, पण ओढला तर धूर येणार नाही. ते म्हणतील भोक कोंदलं असेल. हाताशी गिरमिट नाही, तार मी लपवीन, बसतील नुसते धरून. तुझ्या नावाने खडे फोडतील. तेही मला चालणार होतं.

आज सकाळी ते अंघोळीला गेले. मी आधीच सरसात त्यांचाच पिवळा भुसा कालवून एका झाकणात तयार ठेवला होता. पाइप घेतला, नळी फिरवून काढली. विणायची बारीक सुई घेतली, आणि तिच्या टोकावर सरसाचा गोळा लावून आत ढकलायच्या आधी वाट कुठवर जाते ते बघावं म्हणून कोरडी सुई घातली.

सुई अडली.

मला वाटलं मेण असेल. दाबून पाहिलं. लाकडाचा आवाज आला. सुईवर नखाने खूण केली, बाहेर काढून पाइपच्या बाजूला लावून मोजली. मग वरून दुसरी सुई घातली, तळाचा लेप जरा खरवडला. खाली सपाट, सलग लाकूड. कुठे टाचणीएवढंही भोक नाही. शेवटी तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, कान दुखले, हवा कुठून जाईना.

मी एवढे दिवस समोर स्टूल टाकून बसले होते. कारखान्यात नव्या मुलींना पहिली गोष्ट शिकवते ती ही, की आधी उलटं करून बघा. आणि मी बाहेरची चकाकी बघत बसले, कारण पाइप उलटा करता येत नाही.

"काय इन्स्पेक्टर? पास की नापास?"

बाबा दारात उभे होते, खांद्यावर टॉवेल. माझ्या एका हातात पाइप, दुसऱ्या हातात सुई, समोर सरस. चोर मुद्देमालासकट.

"हा ओढताच येत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तार घातली तेव्हापासून. दोन भोकांत नखभर लाकूड आहे." मग सरसाकडे बघितलं, बोटाला लावून वास घेतला. "माझाच भुसा की. म्हणजे तूही तेच करणार होतीस. पोरगीही माझीच."

मी स्टूल ओढून बसले. ते पलंगावर बसले. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं, एवढे दिवस मी जिवाला घोर लावून पहारा देत होते.

"सांगितलं असतं तर पहारा उठला असता. मग स्टुलावर कोण बसलं असतं?"

 मी गिरमिटावर आले. म्हटलं, तुम्हाला हवं असतं तर पुढचं भोक तुम्ही पाडलं असतं, बरं झालं मी गिरमिट लपवलं.

"नापास शर्टांच्या गाठोड्यात," बाबा म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात सापडलं. दोन फेरे दिले असते तर आरपार झालं असतं, तेवढं माझ्या मनगटात आहे अजून. परत ठेवलं तिथेच."

"का?"

"त्याने ठेवलेलं लाकूड आहे. मी कशाला काढू?"

दुपारी काका आले, खिसे उलटे करूनच दारात उभे राहिले. बाबांनी खिडकीजवळ खुर्ची घेतली आणि पाइप दातांत धरला. हात आपोआप खाली गेला, अंगठा त्या गाठीवर. काकांनी सवयीने लायटरसाठी चपलेकडे वळून बघितलं, बाबा म्हणाले, "बस रे. लागलाय." डबी मी स्वतः परत दिली. चिमूटभर पाइपात ठेवायला, वासापुरती. हे डॉक्टरीणबाईंना मी सांगणार आहे, तू सांगू नकोस.

आता तुझ्याबद्दल.

मी बाबांना विचारलं, त्याने मुद्दाम ठेवलं की नेहमीसारखं चुकलं? बाबांनी कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघितलं. "सोयरीक जमत नाही त्याच्या भोकांची," म्हणाले. "त्यालाच विचार." मग मी पुन्हा दोन्ही सुया घातल्या आणि बघितलं. बाजूची सुई नेमकी वरच्या भोकाच्या तळाच्या मध्यावर रोखलेली आहे. चुकलेलं भोक तिरकं जातं, बाजूने निसटतं. हे सरळ गेलं आहे आणि ऐनवेळी थांबलं आहे. चुकणारा असा थांबत नाही. एवढं मला कळतं, आयुष्य चुका बघण्यात गेलं आहे.

तरी माझा विश्वास नाही. तू पत्रात "मुद्दाम" लिहिशील, तेही तीन शब्दांत, आणि मी ते कार्ड उलटंसुलटं करून बघत बसेन. पत्र हातात आलं तरी माणसाचं तोंड दिसत नाही. म्हणून लिहू नकोस. ये, आणि माझ्यासमोर स्टुलावर बसून सांग. बाबांनी सकाळीच टोपी काढून दिवा मोकळा केला आहे, तुझ्याकडून भोक पुरं करून घ्यायचं म्हणतात. त्याला काही हरकत नाही, दिव्याने कोणाची फुप्फुसं जात नाहीत.

गिरमिट मात्र आणू नकोस. घरातलं देईन, दिव्यापुरतं, आणि लगेच परत घेईन. तुझी पिशवी मी दारातच तपासणार आहे.

— ताई